कोळेकर मामांचा फळा

आमच्या सोसायटीचा मोबाइलवर एक चर्चामंच आहे. तिथं खरं नाव द्यायची सक्ती नाही, त्यामुळं तिथं सगळेच शूर आहेत. गेल्या आठवड्यात ‘सत्यवादी’ नावाच्या कुणीतरी लिफ्टवरून सेक्रेटरींना फैलावर घेतलं. ‘काल सकाळी मी गुडघ्याला पट्टा बांधून, हातात दळणाचा डबा घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत चढलो, याला जबाबदार कोण?’ खाली पुराव्यादाखल बंद लिफ्टचा फोटो, आणि फोटोच्या कोपऱ्यात स्वतःची चप्पल. चौथ्या मजल्यावर गुडघ्याचा पट्टा एकाच गृहस्थांना आहे. संध्याकाळी सेक्रेटरींनी त्यांना ‘काय सत्यवादी, गुडघा कसा आहे’ असं विचारलं, आणि गृहस्थ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना वाटलं, मीच सांगितलं. मला सांगायची काय गरज होती?

कोळेकर मामा असते तर त्या मजकुरातलं दळण, पट्टा, मजला आणि चप्पल, चारही गोष्टी काढून टाकून त्यांनी तो फळ्यावर लावला असता, आणि तोही आठ दिवसांनी. टोपणनावानं कसं लिहावं, हे मला शिकवणारा माणूस हा. मोबाइल त्यांनी कधी हातात धरला नाही.

तेव्हा आम्ही गारखेड्यात राहायला होतो. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कारखान्यामागून कारखाना उभा राहत होता आणि आजूबाजूच्या तालुक्यांतली माणसं शेतं भावांवर सोपवून शहरात येत होती. आमच्या वसाहतीत दोन-दोन खोल्यांची घरं, चार घरांना एक नळ, आणि सगळ्यांना मिळून एक वाचनालय. वाचनालय म्हणजे पत्र्याची एक खोली, चार वर्तमानपत्रं आणि एक कॅरम. ते संध्याकाळी सहा ते आठ उघडायचं काम कोळेकर मामांकडं होतं. पगार नव्हता. दिवसा ते एका कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून होते, म्हणजे कामगार आत येताना-जाताना कार्ड पंच करतात तिथं बसायचे.

नाव लिंबाजी कोळेकर. पाचोडच्या पलीकडच्या धनगरवाडीतले. घरात मॅट्रिक झालेले तेच पहिले. भाऊ तेव्हाही मेंढरं घेऊन रानोमाळ फिरत. मामा बुटके, काळेसावळे, कंपनीचा खाकी शर्ट आणि पांढरा पायजमा. खुर्चीच्या पाठीवर कायम एक घोंगडं टाकलेलं. मे महिन्यात पत्रा तापून खोलीचा तवा झालेला असताना ते घोंगडं पाहूनच मला घाम फुटायचा. बोलायचे कमी, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं न बघता पायांकडं बघायचे. बायकांना ते सभ्यपणाचं वाटायचं. खरं कारण वेगळं होतं, ते पुढं कळलं.

वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर पूर्वी लोक कोळशानं लिहायचे. नळाच्या भांडणातून सुरुवात व्हायची आणि एकमेकांच्या खानदानापर्यंत जायची. मामांनी एक दिवस ती भिंत चुन्यानं रंगवली आणि काचेचं दार असलेला एक फळा तिथं ठोकला. शेजारी पत्र टाकायची लाकडी पेटी. कुणीही, कशाबद्दलही लिहावं, हवं तर टोपणनावानं लिहावं, आणि ज्याला उत्तर द्यायचं त्यानंही पेटीतच टाकावं. फळ्याची आणि पेटीची किल्ली मामांच्या कमरेच्या करदोड्याला असायची. आंघोळीलासुद्धा ती सुटत नसे, असं त्यांची बायको सांगायची.

पेटीतलं पत्र जसंच्या तसं फळ्यावर कधीच लागत नसे. मामा ते दोनदा वाचायचे, मग रेघांच्या कागदावर आपल्या गोलगोल अक्षरात उतरवायचे, आणि मूळ कागद घेऊन शेजारच्या रफिकभाईंच्या चहाच्या टपरीवर जायचे. तिथं तो स्टोव्हच्या जाळावर धरायचा आणि पूर्ण राख होईपर्यंत उभं राहायचं. कागद जळाला, मानूस सुटला, असं म्हणून मग चहा प्यायचा. हा कार्यक्रम ते मुद्दाम सगळ्यांसमोर करत, म्हणजे कुणाला शंका नको.

उतरवण्याच्या कामाला ते कातरणी म्हणायचे. मेंढरांची लोकर कातरली की सगळी मेंढरं एकसारखी दिसतात, तसं पत्र दिसलं पाहिजे. कुणाची शिफ्ट, कुणाचं गाव, घराचा रंग, लेकराचं दुखणं, सगळं खाली पडायचं. तिसऱ्या ओळीत आलेली एखाद्याची लाडकी म्हणसुद्धा जायची, कारण ती म्हण तो नळावर रोज म्हणत असतो.

माझं पहिलं पत्र नळाबद्दलच होतं. मी एका कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होते, नवीन लग्न झालेलं, आणि रागाला औषध नव्हतं. टोपणनाव घेतलं ‘नळावरची’ आणि लिहिलं, ‘दुसऱ्या गल्लीत कडेच्या घरात सकाळी एक हंडाही मिळत नाही, कारण शेजारची बाई पाइप लावून ड्रम भरते.’ चार दिवस झाले, पत्र लागेना. पाचव्या दिवशी फळ्यावर एक चिठ्ठी दिसली: ‘नळाविषयी पत्र आले आहे. लिहिणाऱ्याने विचार करावा की दुसऱ्या गल्लीला कडा किती, आणि शेजार किती.’ मी मनात मोजलं. गल्लीला दोन कडा. एका कडेला पिठाची गिरणी, दुसऱ्या कडेला मी.

मी दुसरं पत्र लिहिलं, गल्ली न सांगता. ते लागलं, पण आठवड्यानं आणि बसच्या तक्रारीच्या शेजारी. तोवर तीन गल्ल्यांत पाण्यावरून भांडणं झाली होती, त्यामुळं ते पत्र कुणाचंही असू शकत होतं. त्यात एक वाक्य माझं नव्हतं: ‘शंभर मेंढरांना पाणी पाजायची डोण एकच असली, तर धष्टपुष्ट मेंढरं आधी पितात.’ मी जालन्याच्या बाजारपेठेत वाढलेली मुलगी, डोण म्हणजे काय हे मला आमच्या ह्यांना विचारावं लागलं. पण वाक्य मला आवडलं. स्वतःच्या पत्रात आपल्यापेक्षा शहाणं वाक्य आलं तर कुणाला आवडणार नाही?

पत्र लागलं त्या संध्याकाळी मी फळ्यासमोरून तीनदा गेले. तिसऱ्या वेळी मामा माझ्या चपलांकडं बघत म्हणाले, “ताई, ज्यानं लिव्हलं त्यानं वाचाया येऊ नाय. लिव्हनाराच पयला येतो, आन् वाचून हसतो.”

मला त्यांचा रागही आला आणि विश्वासही वाटला.

मामा माणसं पायांवरून ओळखायचे. त्यांचं म्हणणं, मेंढरू तोंडावरून ओळखता येत नाही, सगळ्यांची तोंडं सारखीच गरीब. ते चालीवरून ओळखायचं. लहानपणी खांडातली तीनशे मेंढरं ते अंधुक उजेडात चालीवरून सांगत. तेच डोळे घेऊन टाइम ऑफिसला बसलेले. एखादा कामगार न आलेल्या मित्राचं कार्ड पंच करायला लागला की मामा खिडकीतून, मान वर न करता, म्हणायचे की हे कार्ड लंगडतं, तुम्ही लंगडत नाही. मित्राच्या पायाला जुनी दुखापत असायची. कार्ड परत जागेवर जायचं आणि साहेबांपर्यंत काही पोचायचं नाही. माणसं ओळखायची आणि सांगायची नाहीत, या दोन्हीत ते सारखेच पटाईत होते.

लिहिण्यालाही चाल असते, असं ते मानायचे. कागद कितीही कातरला तरी कोण चालतंय ते त्यांना कळायचं. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष भगवानराव, सिल्लोडकडचे, घरी चांगली जमीन, इथं बांधकामाची कंत्राटं घ्यायचे. माणूस वाईट नव्हता, पण आपलं कौतुक झाल्याशिवाय त्यांचा दिवस मावळत नसे. दर दोन-तीन महिन्यांनी पेटीत ‘एक हितचिंतक’ यांचं पत्र यायचं: अध्यक्षांनी गल्लीत दिवे बसवले, अध्यक्षांनी गटार केलं, असे अध्यक्ष लाभायला भाग्य लागतं. मामा ते दोन ओळींवर आणायचे आणि लावायचे. एकदा भगवानराव स्वतः फळ्यासमोर उभे राहून म्हणाले, या हितचिंतकाचं पत्र जरा लहान वाटतंय. मामा त्यांच्या बुटांकडं बघत राहिले. रफिकभाईंच्या टपरीत मी हे ऐकत होते, चहा नाकात गेला.

मी त्यांना एकदा सुचवलं, की पत्रं मी ऑफिसात टाइप करून देते, म्हणजे अक्षराचा प्रश्नच उरणार नाही. मामांनी माझ्या ऑफिसातला एक कागद मागून घेतला, खिडकीत धरला आणि मला दाखवलं: प्रत्येक ‘र’ थोडा वर उडालेला, ‘न’चा दांडा तुटका. टाइपरायटरलाही चाल असते, म्हणाले, आणि तुमच्या सायबाकडं असली पन्नास पत्रं पडलीत. मी सहा वर्षं त्या मशीनवर काम करत होते, मला तो तुटका दांडा कधी दिसला नव्हता.

शिवीगाळीचं पत्र मात्र ते उतरवत नसत. कुणीतरी एका विधवा बाईबद्दल घाणेरडं लिहून टाकलं होतं. मामांनी ते जाळलं आणि फळ्यावर चार शब्दांची सूचना लावली, ‘आलेले पत्र जाळले.’ मग वाचनालयात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “नाव झाकायचं ते आपलं डोकं फुटू नाय म्हनून. दुसऱ्याचं फोडाया नाय.”

आणखी एक गोष्ट त्यांनी आम्हा सगळ्यांना घोटून घोटून शिकवली होती. ‘अमकं पत्र तूच लिहिलंस का’ असं कुणी विचारलं तर व्हय म्हणायचं नाही आणि नाय पण म्हणायचं नाही. पत्र तुमचं नसलं तरीही. का, तर नऊ वेळा नाय म्हणालात आणि दहाव्या वेळी गप्प बसलात, तर ते गप्प बसणं म्हणजे व्हय. वसाहतीत ही सवय इतकी मुरली की नवऱ्यानं बायकोला ‘डब्यात लोणचं घातलंस का’ विचारलं तरी ती म्हणायची, सांगणार नाही.

अशी पाच-सहा वर्षं फळा चालला. नळ, बस, बोनस, रेशनची साखर, कॅरमची हरवलेली सोंगटी. मग नामांतर फळ्यावर आलं.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन काही वर्षं झाली होती. ठरावानंतर खेड्यांत दलितांची घरं जळाली होती, माणसं मारली गेली होती, आणि नाव अजून बदललेलं नव्हतं. मोर्चे निघायचे. आमच्या वसाहतीत सगळ्या जातींचे कामगार शेजारी शेजारी राहत, एकाच बसनं कामाला जात, आणि हा विषय निघाला की बसमध्ये एकदम शांतता व्हायची. मामा म्हणाले, बसमध्ये बोलता येत नाही म्हणूनच तर फळा आहे. बाजूची पत्रं आली, विरोधातली आली. मामांनी दोन्ही लावली, दोन्ही कातरून.

आणि एका संध्याकाळी ‘बांधावरचा’ या नावाचं पत्र लागलं. मला ते अजून पाठ आहे. ‘त्या दिवसांत आमच्या गावात खालच्या वस्तीची घरं जळाली. जाळणारे बाहेरचे नव्हते, आमच्याच भावकीतले होते. मी बांधावर उभा राहून बघत होतो. मी ओरडलो असतो तर दोघं-तिघं तरी थांबले असते. लांडगा आला तेव्हा जे कुत्रं भुंकलं नाही, ते मी. विद्यापीठाला नाव द्या. विरोध करायचं तोंड आम्हाला उरलेलं नाही.’

तो दिवस मला आठवतो, फळ्यासमोर वीस-पंचवीस माणसं उभी राहून ते पुन्हा पुन्हा वाचत होती. तीन-चार दिवसांनी ‘वाचक’ या नावानं एक उत्तर लागलं: ‘तिकडून आलेलं पत्र वाचलं. इतक्या वर्षांत तिकडून आलेलं हे पहिलंच.’ ते वाचून मी घरी गेले आणि पोळ्या लाटता लाटता रडले. का ते मला सांगता आलं नसतं. आमचे हे विचारत राहिले, मी कांद्याचं नाव सांगितलं.

भगवानरावांच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. त्यांच्या पाहुण्यारावळ्यांत बातमी गेली की गारखेड्यात आपल्यातल्याच कुणीतरी भावकीची अब्रू भिंतीवर टांगली आहे. पत्रात गाव नव्हतं, पण असं लिहू शकतील अशी पाच पोरं त्यांनी मनाशी काढली. पाचही जण सिल्लोडकडचे, कारखान्यांत कामाला, घरी शेती. त्यांच्या गावी माणसं जाऊन चौकशी करू लागली. अध्यक्षांनी मामांकडं मूळ पत्र मागितलं. मामांनी रफिकभाईंच्या स्टोव्हकडं बोट दाखवलं.

तेव्हा भगवानरावांनी रविवारी सकाळी सभासदांची सभा बोलावली. फाइलमध्ये मामांनी उतरवलेली सगळी जुनी पत्रं होती, ती काढायला लावली. सभासदांत जोशीकाका नावाचे एक निवृत्त शिक्षक होते, शब्दकोडी सोडवण्यात त्यांचं आयुष्य चाललं होतं. चार दिवस ते फाइल घरी घेऊन बसले होते. सभेत ते चष्मा पुसून उभे राहिले आणि वाचायला लागले.

‘नळावरची’ लिहिते, शंभर मेंढरांना डोण एकच. ‘सेकंड शिफ्ट’ बसबद्दल लिहितो, पुढची मेंढी खड्ड्यात गेली की सगळं खांड जातं. ‘एक गृहिणी’ रेशनबद्दल लिहिते, आटलेल्या शेळीला कितीदा पिळणार. ‘एक हितचिंतक’ लिहितो, राखणदार जागा असला की कोकरू बिनघोर झोपतं. आणि ‘बांधावरचा’ लिहितो, लांडगा आणि कुत्रं. जोशीकाकांनी चष्मा काढला आणि निकाल दिला, की सभासदहो, गेली सहा वर्षं हा फळा एकच माणूस लिहितो आहे आणि तो माणूस मेंढपाळ आहे.

त्यावर जो हशा उसळला तो पत्र्याला लागून परत आला. दारात चहाची किटली घेऊन उभे असलेले रफिकभाई म्हणाले, “मामा, छे साल से आप अकेलेच आपस में लड़ रै थे क्या?”

मी मामांकडं बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता. सगळ्यांच्या खुणा काढता काढता त्या जागी आपण काय भरत गेलो, हे त्यांना त्या क्षणापर्यंत कळलंच नव्हतं. तीनशे मेंढरांची चाल ओळखणाऱ्याला स्वतःची चाल कधी दिसली नव्हती.

पण खरी गंमत मला पुढच्या क्षणी दिसली. हसणाऱ्यांत दहा-बारा जण हसायचे थांबून आपापल्या पायांकडं बघत होते. बोनसवाला, साखरवाली, बसवाला. प्रत्येकाला माहीत होतं की निदान एक पत्र मामांचं नाही, कारण ते आपलं आहे. पण तसं सांगायचं तर उठून ‘मी’ म्हणायला हवं. मीही उठले नाही. आणि सगळ्यात जास्त खाली मान भगवानरावांची होती. जोशीकाकांचा निकाल चुकीचा आहे, हे सांगायला त्यांना फक्त एक वाक्य पुरलं असतं: हितचिंतक मी आहे. भर सभेत, पंचवीस माणसांसमोर, अध्यक्ष आपलं कौतुक आपण लिहितात हे सांगायचं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

त्यांनी खाकरून शेवटी मामांनाच विचारलं, की ‘बांधावरचा’ तुम्हीच का. मामा उभे राहिले. या वेळी त्यांनी समोरच्याच्या पायांकडं बघितलं नाही, तोंडाकडं बघितलं.

“फळ्यावर कोन लिव्हतं ते म्या आजवर सांगितलं नाय, भगवानराव. हितचिंतकाचंबी नाय सांगितलं. तवा माझंबी सांगनार नाय.”

सभेनं त्याचा अर्थ व्हय असा घेतला. भगवानरावांनीही तो तसाच घेतला, घाईघाईनं. पाच पोरांमागचा ससेमिरा त्या दिवशी सुटला आणि मामांच्या मागं लागला. धनगरानं आमच्या भावकीचा बुरखा पांघरून आम्हाला बदनाम केलं, असं बोललं जाऊ लागलं. सायकलची दोन्ही टायरं एका दुपारी कुणीतरी फाडली. ठराव करून वाचनालयाची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली, आणि फळा महिनाअखेरीला उतरवायचं ठरलं.

पुढच्या रविवारी मामा आमच्या घरी चहाला आले, आमचे हेही घरीच होते. मी फार चिडले होते, त्यांच्यावर, सभेवर आणि स्वतः न उठल्याबद्दल स्वतःवर. मी म्हटलं, ते पत्र तुमचं नाही, तुम्ही ते अंगावर का घेतलं? मामा म्हणाले, घेतलं कुठं, मी काही बोललोच नाही. मग बशीत चहा ओतून बराच वेळ फुंकत राहिले. आणि त्यांच्या सगळ्या आयुष्यात त्यांनी फोडलेलं एकच गुपित, तेही अर्धं, माझ्यासमोर फोडलं.

“एका पोरीची सोयरीक जुळत आलीय, ताई. भावानं काय लिव्हलं ते कळलं तर मोडंल. आन् त्या पोराला घरात घेनार नायती. तेवढं लगीन पार पडू द्या. माझं काय, दोन साल ऱ्हायलेत रिटायर व्हायाला.”

कुठलं गाव, कोण भाऊ, मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. त्यांना टायरांचं दुःख नव्हतं. दुःख कातरणीचं होतं. “समद्यायच्या खुना काढल्या आन् वरून आपल्याच खांडाचा गेरू लावला,” असं म्हणून ते आधी डोक्याला हात लावून बसले आणि मग त्यांना हसू फुटलं. सहा वर्षं, म्हणाले, सहा वर्षं लोक मेंढरं वाचत होते. आम्ही तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

फळा उतरवायच्या आदल्या दिवशी त्यावर एक शेवटची चिठ्ठी होती. मामांनी अध्यक्षांची परवानगी घेऊन पेटी शेवटची उघडली होती. चिठ्ठी अशी: ‘बांधावरचा यांस. आपले दुसरे पत्र मिळाले. पुढे येऊ नये. गप बसावे.’ वसाहतीत ती वाचून लोक पुन्हा पोट धरून हसले, की मामा आता स्वतःलाच गप्प बसायला सांगतात. मी हसले नाही. पेटीत दुसरं पत्र खरंच आलं होतं, आणि कुणीतरी एक जण सगळ्या वसाहतीसमोर उभं राहायला निघाला होता, हे मला कळत होतं.

मामा रिटायर झाले आणि पाचोडला गेले. पुढं बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाच्या नावाचा प्रश्नही सुटला. कमानीवर नवं नाव लागलं. ज्यांनी विरोध केला होता त्यातले कित्येक जण आपण पहिल्यापासून बाजूनंच होतो असं सांगू लागले. जग असंच चालतं, त्याचं मला नवल वाटत नाही.

त्यानंतर एकदा आम्ही पैठणला जाताना वाट वाकडी करून पाचोडला मामांना भेटायला गेलो. बाजाराचा दिवस होता. जनावरांच्या बाजारात लिंबाखाली मामा बसले होते, बरेच वाळलेले, दृष्टी अधू झालेली. गिऱ्हाइकं मेंढरं चालवून दाखवायची आणि मामा पावलांच्या आवाजावरून सांगायचे, हे घ्या, हे घेऊ नका, मागचा पाय कमजोर आहे. मला त्यांनी मी बोलायच्या आधी ‘या ताई’ म्हटलं.

मी त्यांना चिडवलं, की आता तरी सांगा, कोण होता तो. मामा म्हणाले, आतापर्यंत चार जण येऊन गेले, ‘मीच बांधावरचा’ असं सांगत. एकानं तर फोटोग्राफर आणला होता. मग तुम्ही काय म्हणालात? “व्हय म्हनलो नाय आन् नायबी म्हनलो नाय. च्या पाजला, लावून दिलं.”

आम्ही बोलत होतो तेवढ्यात एक मोटारसायकल येऊन थांबली. चाळिशीचा माणूस, कारखान्यातला वाटावा असा, हाताच्या बोटांत ऑइल मुरलेलं. माणसांतून वाट काढत तो आला, मामांच्या पुढ्यात उकिडवा बसला आणि एकदम म्हणाला, “मामा, मी बांधावरचा. म्या लई दिस लावले यायाला.”

मामांनी मान हलवली नाही. “मी वळखत नाय तुमाला,” म्हणाले. तो माणूस तसाच बसून राहिला. हातातला रुमाल घडी करायचा, उलगडायचा. मला वाटलं आता याला चहा मिळणार आणि हा जाणार, पाचवा.

मामांनी हात पुढं केला, चाचपडत त्याचा गुडघा शोधला आणि त्यावर ठेवला.

“बहीन सुखात हाय का?”

चौघांपैकी कुणाला त्यांनी हे विचारलं असणं शक्य नव्हतं. मी आमच्या ह्यांचा हात धरला. त्या माणसानं रुमालाची घडी खिशात ठेवली.

“दोन लेकरं हायत तिला,” तो म्हणाला. “थोरली यंदा सातवीला गेली.”

“झालं मग,” मामा म्हणाले, आणि सरकून त्याला घोंगड्यावर जागा करून दिली.